दंड सरकारजमा, भरपाईचे काय?

मा. मंत्री व सचिव,
कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय, नवी दिल्ली



कंपन्यांनी संगनमताने भाव चढवले की स्पर्धा आयोग दंड ठोठावतो आणि स्पर्धा कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तो भारताच्या संचित निधीत जातो. ज्याच्या खिशातून जादा पैसे गेले, त्याच्यासाठी कलम ५३-एन आहे. त्याने अपील न्यायाधिकरणाकडे (एनसीएलएटी) भरपाई मागावी. ती मोजायची कशी, याची रीत मात्र कायद्यात नाही.

बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. फेरसुनावणीनंतर २०१६ मध्ये पुन्हा दंड झाला, २०१८ मध्ये एनसीएलएटीने तो कायम केला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. दंड कंपन्यांच्या दोन वर्षांच्या नफ्याच्या निम्मा धरला होता. ग्राहकाने गोणीमागे किती जादा मोजले, हे त्यासाठी काढावे लागले नाही. भरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न तोच असतो.

संगनमत नसते तर भाव काय असता, हे कुठल्याच बिलावर लिहिलेले नसते. आधीचे-नंतरचे भाव ताडून पाहता येतात. पण मध्यंतरी कोळसा, डिझेल, रेल्वेचे भाडे बदललेले असते. पावसाळ्यात मागणीही घटते. हे सारे वजा करायला जो तपशील लागतो, तो बराचसा कंपन्यांच्याच दप्तरात. वर कंपनी म्हणणार, बिल्डरने वाढ फ्लॅटच्या किमतीत वसूल केली, मग त्याचे गेले काय? राहिला फ्लॅटवाला. समजा, गोणीमागे २० रुपये जादा गेले आणि घराला ४०० गोण्या लागल्या, तर त्याचे नुकसान ८,००० रुपये. तेवढ्यासाठी दिल्लीत वकील कोण लावील?

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने यातून वाट काढली. कार्टेलमुळे, म्हणजे अशा संगनमतामुळे, नुकसान होते असे तिथे धरून चालतात; झाले नाही, हे कंपनीने दाखवायचे. वाढ पुढे वसूल झाली, हेही तिनेच सिद्ध करायचे. नेमका आकडा काढणे फारच अवघड असेल तर न्यायालय अंदाज बांधते. ब्रिटनमध्ये ट्रक कार्टेलच्या दाव्यात टपाल कंपनी रॉयल मेल आणि ट्रक उत्पादक डॅफ यांच्या तज्ज्ञांच्या आकड्यांत मोठी तफावत होती. २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने पुरावा तोलून जादा आकारणी ५ टक्के धरली आणि भरपाई दिली.

२०२३ च्याच दुरुस्तीत आपण दंड जगभरच्या उलाढालीवर मोजण्याची तरतूद केलीत. आता भरपाईकडे पाहावे. कलम ५३-एनमध्ये नुकसानीचे गृहीतक आणि अंदाजाचा अधिकार स्पष्ट लिहावा. तपासात गोळा झालेला भावांचा तपशील, गोपनीयतेची अट घालून, दावेदाराला द्यावा. मोजणीची मार्गदर्शिका काढावी. युरोपीय आयोगाने अशी मार्गदर्शिका २०१३ मध्येच काढली आहे. अनेकांच्या वतीने एकाने दावा लावण्याची सोय कायद्यात आहेच; तिचा उपयोग तेव्हाच होईल.

अंदाज चुकेल, ही भीती खरी आहे. पण अंदाजच न बांधणे म्हणजे नुकसान शून्य धरणे, आणि संगनमत सिद्ध झाल्यावर सर्वांत अविश्वसनीय आकडा तोच असतो.

आपला,
एक ग्राहक