कमरेला पिस्तूल आणि पोलिसाचा अंदाज

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-चार महिने राहून आलेले वाचक परतल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात. किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर कमरेला पिस्तूल लावलेला साधा माणूस त्यांना दिसलेला असतो. तो पोलीस नसतो, लष्करातला नसतो, आणि आजूबाजूचे कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. हे कायद्याने चालते काय? आणि चालत असेल तर तिथले पोलीस करतात तरी काय?

चालते, आणि बहुतेक राज्यांत चालते. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 साली झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले आणि 2022 मध्ये तो हक्क घराच्या उंबरठ्याबाहेरही नेला. मात्र शस्त्र उघड लावायचे की कोटाखाली झाकायचे, परवाना हवा की नको, हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. टेक्सासमध्ये परवानाधारकाला 1 जानेवारी 2016 पासून पिस्तूल उघडपणे लावता येऊ लागले आणि 1 सप्टेंबर 2021 पासून बहुतेक प्रौढांना त्या परवान्याचीही गरज उरली नाही. खांद्यावरच्या रायफलला तर तिथे आधीपासूनच परवाना लागत नव्हता.

आपल्याला हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे सगळे उलटे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवायचा, तो वेळोवेळी नूतनीकरण करायचा. कोकणात शेतीसंरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांना तर निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. मग रानडुकरे शेतात धुडगूस घालोत! जिल्ह्यात मनाई आदेश लागला की काठ्या, सोटे घेऊन फिरण्यावरही बंदी येते. म्हणजे इथे पोलिसाला विचार करावा लागत नाही. हातात शस्त्र दिसले की अडवायचे, कागद मागायचे. अमेरिकेतल्या पोलिसाला मात्र समोर रायफल दिसत असतानाही आधी ठरवावे लागते की हा माणूस हक्क बजावतो आहे की गुन्हा करायला निघाला आहे. टेक्सासच्या कायद्यात बंदूक दाखवणे गुन्हा नाही. लोकांना धास्ती बसावी अशा रीतीने मुद्दाम दाखवणे गुन्हा आहे. ही रेघ कुठे ओढायची ते रस्त्यावर उभा असलेला शिपाई ठरवतो, तेही काही सेकंदांत.

त्या रेघेचा अनुभव टेक्सासमधल्या अर्विंग शहराने 2015 साली घेतला. डॅलस शहराला लागून असलेल्या या गावात मुस्लिम वस्ती बरीच आहे. 14 सप्टेंबरला अहमद मोहम्मद नावाचा 14 वर्षांचा विद्यार्थी घरी जुळवलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत घेऊन गेला. वर्गात ते वाजले, बाईंना संशय आला आणि पोलीस आले. मुलाला बेड्या घालून नेले, बोटांचे ठसे घेतले. तो बॉम्ब नव्हता हे उघडच होते; संशय होता तो बॉम्बचे सोंग आणल्याचा. पुढे आरोप दाखल झाला नाही. दुसरा कोणी विद्यार्थी असता तरी आम्ही हेच केले असते, असे पोलीसप्रमुख म्हणाले. नासाचे नाव असलेला टी-शर्ट आणि हातात बेड्या, असा तो फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

सव्वादोन महिन्यांनी, 21 नोव्हेंबरला, त्याच शहरातल्या इस्लामिक सेंटरच्या मशिदीसमोर सुमारे डझनभर माणसे निदर्शनाला उभी राहिली. पॅरिसमधल्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. काहींच्या हातात रायफली होत्या. बंदुका मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी आणल्या आहेत, पण ताकद दाखवायचीही आहे, असे आयोजकाने वर्तमानपत्राला सांगितले. पोलीस आले आणि त्यांनी लक्ष ठेवले. रायफल बाळगणे कायदेशीर असल्यामुळे कोणाला बेड्या पडल्या नाहीत. थोड्याच दिवसांत त्या गटाने शहरातल्या काही मुसलमानांची आणि त्यांच्या बाजूने बोललेल्या इतरांची नावे व पत्ते इंटरनेटवर टाकले.

आम्ही इथे अर्विंगच्या पोलिसांवर खटला भरत नाही. दोन्ही वेळा त्यांनी कायद्याचे पुस्तक उघडले असेल. पण मशिदीत नमाजसाठी मुलाचा हात धरून आलेल्या बापाच्या दृष्टीने विचार करा. ज्या पोलिसांना एका पोराच्या घड्याळात धोका दिसला, त्यांना रायफलींत दिसला नाही. मुद्दाम धास्ती घालणे म्हणजे काय, हे तिथल्या कायद्यात धास्तावलेल्या माणसाला विचारून ठरत नाही.

ओहायो राज्यात उघडे शस्त्र बाळगायला परवाना लागत नाही. 2010 साली तिथल्या टोलेडो शहरात एक गृहस्थ पत्नी, मुलगी, नातू आणि कुत्र्यासह फिरायला निघाले होते. कमरेला पिस्तूल होते. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाने हटकले, पत्नीने कायदा ऐकवला, त्याने 911 वर फोन केला. पोलीस आले, पिस्तूल काढून घेतले आणि गृहस्थांना बेड्या घालून अर्धा तास गाडीत बसवले. ते न्यायालयात गेले. 2015 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला: जिथे उघडे शस्त्र कायदेशीर आहे तिथे केवळ ते दिसले म्हणून माणसाला ताब्यात घेता येत नाही, संशयाला दुसरे काही कारण हवे.

हा निकाल वाचताना आमच्या डोळ्यांपुढे त्याच राज्यातली दुसरी दोन नावे येतात. 5 ऑगस्ट 2014 रोजी बीव्हरक्रीक इथल्या वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड नावाच्या 22 वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने विक्रीला ठेवलेली छर्ऱ्यांची बंदूक उचलली आणि फोनवर बोलत तो दुकानात हिंडू लागला. एका ग्राहकाने 911 ला कळवले की हा माणूस लोकांवर बंदूक रोखतो आहे. दुकानाच्या कॅमेऱ्यातल्या चित्रणाने हे म्हणणे पुढे खरे ठरवले नाही. पोलीस आत शिरले आणि काही क्षणांत क्रॉफर्ड कोसळला. खरी रायफल खांद्यावर टाकून तो उभा असता तरी ओहायोत तेवढ्याने गुन्हा होत नव्हता. त्या पळापळीत दुकानातल्या एका बाईचाही हृदय बंद पडून मृत्यू झाला.

22 नोव्हेंबरला क्लीव्हलंडच्या बागेत 12 वर्षांचा टमीर राइस खेळण्यातल्या पिस्तुलाशी खेळत होता. फोन करणाऱ्याने दोनदा सांगितले होते की बहुधा ते खोटे आहे, आणि हा बहुधा लहान मुलगा आहे. नियंत्रण कक्षातून पुढे गेले ते एवढेच, की बागेत बंदूकवाला आहे. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी टमीर गेला. दोन्ही प्रकरणांत नागरिकांच्या ज्युरीने पोलिसांवर खटला चालवायला नकार दिला. क्लीव्हलंड शहराने 2016 मध्ये टमीरच्या घरच्यांना 60 लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. 7 जुलै 2016 च्या रात्री डॅलसमध्ये मोर्चा चालू असताना एका बंदूकधाऱ्याने नेम धरून पाच पोलीस मारले. त्याच मोर्च्यात वीस-तीस माणसे उघडपणे, कायदेशीरपणे रायफली घेऊन चालत होती. गोळ्या सुरू होताच तीही पळू लागली आणि यातला मारेकरी कोण, हे पोलिसांना कळेना. त्यांनी एका रायफलधारी माणसाचा फोटो संशयित म्हणून सगळ्या देशाला दाखवला. तो बिचारा आधीच आपली बंदूक एका पोलिसाच्या हवाली करून बसला होता; चौकशी करून त्याला सोडले. शहराचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की उघड्या बंदुकांनी आमचे काम अवघड केले. ज्या राज्याने बंदूक मोकळी केली त्याच राज्याच्या पोलिसाने हे म्हटले, याला आम्ही महत्त्व देतो.

आणि बंदूक कोणाच्या हातात आहे यावर कायदे बदलतात, हेही अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेले आहे. 1967 पूर्वी कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड बाळगता येत असे. ओकलंडमधल्या ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले, अडवलेल्या कृष्णवर्णीयांना लांबून त्यांचे हक्क मोठ्याने वाचून दाखवू लागले. हे थांबवण्यासाठी विधेयक आले. 2 मे 1967 रोजी पँथर त्याच्या निषेधार्थ बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले. काही आठवड्यांतच बंदी झाली. सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी आणि बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही तेव्हा त्या बंदीला पाठिंबा दिला!

सगळेच काळे नाही. 29 मे 2015 ला ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात मशिदीबाहेर असाच जमाव आला होता; अनेकांकडे बंदुका होत्या, आणि विरोधात उभे राहणारे शेजारीही तेवढेच. पोलीस मधोमध रांग करून उभे राहिले. शिवी छापलेला शर्ट घालून आलेल्या एकाला मशिदीतल्या लोकांनी आत बोलावले. तो गेला, नमाज पाहिली आणि बाहेर येऊन वार्ताहराला म्हणाला की तो शर्ट आता पुन्हा घालणार नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे. बंदूकवाला दिसला तर हुज्जत नको, तिथून निघून जावे. 911 ला फोन करण्याची वेळ आलीच तर डोळ्यांना दिसले तेवढेच सांगावे, तर्क सांगू नये. रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि कागद काढण्यापूर्वी तसे सांगावे. नातवंडे मित्राच्या घरी खेळायला जाणार असतील तर त्या घरात बंदूक आहे काय आणि ती कुलपात असते काय, हे त्याच्या आईला विचारायला लाजू नये. तिथे हा प्रश्न कोणाला उद्धट वाटत नाही.

आणि सुट्टीत इथे आलेल्या नातवाने ईदीच्या पैशांतून टिकल्यांची काळी बंदूक घेतली असेल, तर परतीच्या बॅगेत ती भरू नका. टमीरच्या खेळण्यावर, ते खोटे आहे हे ओळखू यावे म्हणून असते ते नारिंगी टोकही उरलेले नव्हते.