दोन वर्षांचं पोर, युझावा आणि घाटघर

ऑफिसच्या कँटीनमध्ये हल्ली जपान ट्रिपचा विषय निघाला की बर्फाचे फोटो हमखास निघतात. आमचे फोटो बघून ठरलेला प्रश्न येतो, "दोन वर्षांच्या मुलीला घेऊन स्कीइंग? तिला काय आठवणार त्यातलं?" खरंय, काही आठवणार नाही. पण आठवण हाच निकष लावायचा तर पहिली तीन वर्षं पोराला आजोळीसुद्धा नेऊ नये. असो. मला बोलायचंय ते वेगळंच.

प्रोजेक्टच्या निमित्ताने दीडेक वर्ष आम्ही टोकियोत होतो, निशी-कासाईला. (देशी आयटीवाल्यांचं माहेरघर. भाजीत कढीपत्ता मिळतो, एवढं सांगितलं तरी पुरे.) फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गाला-युझावाला गेलो. तिथे शिनकान्सेनचं स्टेशनच स्की रिसॉर्टमध्ये आहे आणि ते फक्त हिवाळी सीझनपुरतं उघडतं. टोकियोपासून सव्वा ते दीड तास. सहा वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर तिकीट नाही. टोकियोत लख्ख ऊन होतं. मग २२ किलोमीटरचा दाइशिमिझु बोगदा लागला, आणि पलीकडे छपरांवर पुरुषभर बर्फ!

बायको म्हणाली, "हे तर आपलं घाटघर झालं."

अगदी बरोबर. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, डोंगराला अडतात, पश्चिमेच्या अंगाला सगळा बर्फ टाकतात आणि टोकियोत कोरडे पोचतात. आपल्याकडे अरबी समुद्र आणि सह्याद्री हाच खेळ पावसाचा करतात. माझ्या अकोले तालुक्यात (अकोला नव्हे हो, अकोले!) घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात नगर शहरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, जेमतेम पाच-सहाशे.

गंमत म्हणजे जपान आपल्या घाटघरला आधीच येऊन गेलाय. तिथला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प जपानी कर्जातून झाला, २००८ मध्ये सुरू झाला. विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की कोकणात सोडून वीज करायची. रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण तेच. तर तंत्र आपण घेतलं, कर्जही घेतलं. पाहुणचार मात्र घ्यायचा राहिला.

आता लेकीचा दिवस. इतक्या लहान पोरांना स्की शिकवत नाहीत, बर्‍याच ठिकाणी तीन-चार वर्षांनंतरच घेतात. पण तिच्यासाठी बर्फाचे कपडे आणि बूट भाड्याने मिळाले. घसरगाडीसाठी कुंपण घातलेला वेगळा उतार होता. लंगोट बदलायला गरम खोली, खाली गालिचा, गरम पाणी. आम्ही दोघं आळीपाळीने स्की करत होतो, म्हणजे पडत होतो :) बाईसाहेबांनी हातमोजे तीनदा फेकले, बर्फ खाल्ला, आणि घसरगाडीवरून उठायला तयार नव्हत्या. अख्ख्या दिवसात "आता हिला कुठे न्यायचं?" असा प्रश्न एकदाही पडला नाही.

हे काही त्यांचं मोठं मन वगैरे नाही, धंदा आहे. जपानमध्ये स्की करणार्‍यांची गर्दी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कळसाला पोचली आणि नंतर निम्म्याच्याही खाली आली. मग लहान पोरांवाले आणि परदेशी पाहुणे आठवले. त्यांचंही सगळं आलबेल नाही म्हणा. भरभराटीच्या काळात युझावात बांधलेले उंचच उंच फ्लॅट आता कवडीमोलाने विकायला काढलेत. भंडारदर्‍याला प्लॉट घेणार्‍या मित्रांनी हे जरूर वाचावं.

गेल्या जुलैत लेकीला घेऊन भंडारदरा-रतनवाडीच्या बाजूला गेलो होतो. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, अमृतेश्वराचं देऊळ, ढगात गेलेलं कळसूबाई... सौंदर्यात युझावा पाणी भरेल. पण एका धबधब्यापाशी शर्ट काढून नाचणारी टोळकी, बाटल्या, दोन तास हॉर्न, आणि भिजलेल्या पोरीला बदलायला जागा कुठे, तर गाडीची मागची सीट. बायकांसाठी तर तेही नाही. शेवटी एका घरातल्या मावशींनी आत बोलावलं. "या बया, लेकरू गारठलंय," म्हणत चुलीपाशी बसवलं, गरम भाकरी दिली. पैसे घेईनात.

मला वाटतं उत्तर त्या चुलीपाशीच आहे. आपला पावसाळी पर्यटक म्हणजे बाईकवरची चार पोरं, असं आपण धरून चाललोय. तो येतो, वेफर्स खातो, कचरा टाकून जातो. गावाच्या हातात काय पडतं? भातकापणी झाली की याच गावांतली माणसं मजुरीला नारायणगावकडे जातात. दोन वर्षांचं पोर आणि गुडघे दुखणारी आजी घेऊन येणारं कुटुंब मात्र थांबतं, जेवतं, रात्री राहतं, पुन्हा येतं. पण त्याला कोरडी खोली, स्वच्छ संडास, कठडा आणि गरम पाणी लागतं. यात शिनकान्सेन कुठे आली? नाक्यावर गाडीमागे पावती फाडतातच, त्यातून गावागणिक अशा दोन खोल्या आणि एक पाटी का होऊ नये?

एक अडचण आहे, ती मावशींनीच सांगितली. जुलै म्हणजे आवणीचे दिवस, भात लावायचं सोडून पाहुण्यांना भाकरी कोण थापणार? शनिवार-रविवार घरची म्हातारी माणसं जमवतील, रोज नाही जमायचं. म्हणून खोलीचा दर आधीच ठरलेला हवा, आणि तो मजुरीच्या रोजापेक्षा बराच जास्त हवा. "पावसाळ्यात काय, मॅगी आणि कणीस" म्हणणार्‍या आपल्यासारख्यांनी तेवढे द्यायची तयारी ठेवावी. युझावात नुसत्या बुटांच्या भाड्याला आपण कुठे घासाघीस करतो?