गिनीपिगच्या पिंजऱ्यात सुगंधी भुसा नको!

मुलाचा खोकला वाढला की दोष गिनीपिगच्या केसांना दिला जातो. खरी ॲलर्जी असते ती त्याच्या लघवीतल्या व लाळेतल्या प्रथिनांची. ती वाळतात आणि भुशाच्या धुळीबरोबर हवेत उडतात. ओल्या भुशात जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतात. तो प्राण्याच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही श्वासनलिकेला त्रास देतो. सुगंधाने वास झाकला जातो, अमोनिया नाही. मग त्यासाठी जादा पैसे कशाला मोजता?

खाली जुना सुती टॉवेल, वर फ्लीसचे कापड घाला. फ्लीसमधून लघवी खाली झिरपते, टॉवेल ती शोषतो. लेंड्या रोज काढा. तीन-चार दिवसांनी दोन्ही कापडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याने शोषकता घटते. आणि दमा असलेल्या मुलाला पिंजरा साफ करायला लावू नका.