सिगारेटीतला पुदिना आधी काढा

गोव्यात गुटख्यावर २००५ सालीच कायद्याने बंदी आली. ई-सिगारेट तर २०१९ पासून साऱ्या देशात बंद आहे. पण पुदिन्याच्या किंवा फळाच्या चवीची, काडीने पेटवून ओढायची सिगारेट साखळीपासून पेडण्यापर्यंत पानाच्या गाड्यांवर राजरोस मिळते. प्रौढ माणसाला ती विकताना गाडेवाला कुठलाही कायदा मोडत नाही, कारण चवीविरुद्ध आपल्याकडे कायदाच नाही. तंबाखूच्या बाबतीत गोव्याने बरेच काही केले आहे. पण त्या कामात राहिलेली सर्वांत मोठी फट हीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सिगारेटी विकल्या कशा जातात ते बघायला फार लांब जावे लागत नाही. साखळीच्या बाजाराकडच्या एका गाड्यावर कॉलेज सुटायच्या वेळी थोडे थांबले तरी पुरे. दोघे-तिघे मुलगे येतात. गाडेवाला विचारतो, “खंयची? निळी काय जांबळी?” कंपनीचे नाव कोणी घेत नाही, रंगावरून चव ओळखायची. सुटी सिगारेट हातात पडते. तिच्या फिल्टरवर एक बारीक ठिपका छापलेला असतो. तो चिमटीत दाबला की टक् असा आवाज होतो, आतली इवलीशी गोळी फुटते आणि तिच्यातला थंडगार अर्क फिल्टरभर पसरतो. दोरीला बांधलेल्या लायटरवर सिगारेट पेटते. ती सुटी घेतल्यामुळे पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा कर्करोगाचा सचित्र इशारा त्या मुलांच्या नजरेलाही पडत नाही. ओढून झाल्यावर तोंडाला, बोटांना जळक्या तंबाखूपेक्षा पुदिन्याचाच वास जास्त येतो. मग घरी कोणाला संशय येणार?

खरी मेख त्या थंडाव्यात आहे. तंबाखूचा धूर पहिल्यांदा छातीत गेला की ठसका लागतो, घसा जळतो, डोळ्यांत पाणी येते. शरीराने दिलेला तो नकार असतो, आणि पुष्कळ मुले त्या पहिल्याच झुरक्यानंतर सिगारेट फेकून देतात. मेन्थॉल हा नकार दाबून टाकते. गार वस्तूची जाणीव करून देणाऱ्या घशातल्या मज्जातंतूंना ते चेतवते. त्यामुळे जळजळ झाकली जाते, धूर सौम्य वाटतो आणि श्वास अधिक खोल घेतला जातो. धुरात मात्र तसूभरही फरक पडत नाही. तोच डांबरासारखा चिकटा, तेच निकोटिन, सात हजारांहून अधिक रसायने आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारण होणारी. शरीराने दिलेली धोक्याची सूचना तेवढी ऐकू येईनाशी होते. म्हणून सुगंधावरची बंदी मुख्यतः पहिल्या सिगारेटीवरची बंदी असते. तीस वर्षे ओढणारा माणूस पुदिन्यासाठी ओढत नाही. सोळा वर्षांचा मुलगा मात्र पुदिन्यापासून सुरुवात करतो.

अशा बंदीने खरेच काही साधते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देशोदेशींच्या अनुभवातून मिळते. अमेरिकेने सप्टेंबर २००९ मध्ये फळांच्या, लवंगेच्या, चॉकलेटच्या चवीच्या सिगारेटी बंद केल्या, पण मेन्थॉलला हात लावला नाही. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की शाळकरी वयातल्या मुलांनी सिगारेट ओढणारे होण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटली. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. जी मुले ओढत राहिली त्यांच्यात मेन्थॉल सिगारेट आणि सुगंधी सिगार यांचे प्रमाण वाढले. उघडे दार शोधून मुले तिकडे वळली. कॅनडाने ते दारही बंद केले. तिथे ऑक्टोबर २०१७ पासून देशभर मेन्थॉल सिगारेट बंद झाली, आणि बंदीनंतर मेन्थॉल ओढणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांनी सिगारेट सोडली. साधी सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. युरोपीय संघाने आणि ब्रिटनने मे २०२० मध्ये मेन्थॉल हद्दपार केले. अमेरिकेत मात्र मेन्थॉलबंदीचा २०२२ मधला प्रस्ताव बड्या कंपन्यांच्या विरोधात रखडला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्यावरून एक गोष्ट कळते. कंपन्या इतक्या नेटाने जी चव वाचवतात, त्या चवीवरच त्यांचे पुढचे गिऱ्हाईक अवलंबून असते.

गोव्याला हा धडा परदेशाकडून घ्यायची खरे तर गरज नव्हती. लवंगेचे तेल, मेन्थॉल, कापूर घातलेली तपकीर टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये भरून विकली जात होती, ते आपण इथेच पाहिले आहे. दात घासायचे म्हणून बायका आणि मुले ती हिरड्यांना चोळत आणि तोंडात धरून ठेवत. कितीतरी घरांत ती मोरीवर ब्रशाशेजारी पडलेली असे. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती मनाई उचलून धरली. तरी ट्यूबवर तपकीर असे लिहून माल विकला जात राहिला. हे ज्यांनी सातत्याने चव्हाट्यावर मांडले त्यांत डॉ. शरद वैद्य अग्रभागी होते. शल्यविशारद म्हणून तोंडाचे कर्करोग रोज डोळ्यांसमोर असलेल्या या माणसाने ‘नोट’ ही तंबाखू निर्मूलनाची संघटना उभी केली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांवर बंदी घालणारा गोव्याचा कायदा १९९७ चा. देशाचा तंबाखू नियंत्रण कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. छोट्या राज्याने दिल्लीची वाट बघत बसायचे नसते, हे गोव्याने तेव्हा करून दाखवले होते.

शेजारच्या महाराष्ट्राने तर चवीलाच हात घातला. २०१२ मध्ये गुटखा बंद केल्यावर पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंद केली. कारण साधे होते. पानमसाला वेगळा आणि सुगंधित तंबाखू वेगळा विकला, तर ग्राहक हातावर दोन्ही एकत्र मळतो. तो आडमार्ग बुजवायला सुगंधच बंद करावा लागला. आता विचार करा. चघळायच्या तंबाखूत सुगंध घातक आहे हे आपण मान्य केले, मग ओढायच्या तंबाखूत तो चालतो कसा? चघळणाऱ्या कामगाराला एक न्याय आणि पाकीट घेणाऱ्याला दुसरा, असे आरोग्याच्या कायद्यात असू नये.

“बंदी असूनही गुटखा मिळतोच ना?” हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. मिळतो, हे खरे आहे. चोर्ला घाट, दोडामार्ग, पत्रादेवी या वाटांनी माल येतो, पकडलाही जातो. पण चोरून मिळणे आणि दारात टांगलेले असणे यांत मुलांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय गुटखा घरगुती भट्टीतही मळता येतो. फिल्टरमध्ये चवीची गोळी बसवलेली सिगारेट मोठ्या कारखान्यातच तयार होते, तिच्यावर कर भरला जातो, तिचा वितरक ठरलेला असतो. अशा मालावर बंदी अमलात आणणे गुटख्याच्या तुलनेत पुष्कळच सोपे आहे.

आकडे बघितले तर गोव्याची पहिल्यापासून चांगली बाजू आहे. २००९-१० च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू वापरणारे प्रौढ गोव्यात ८.८ टक्के होते, तेव्हा देशात ३४.६ टक्के. २०१६-१७ मध्ये देशाचा आकडा २८.६ वर उतरला. गोव्याचा मात्र ९.७ वर चढला. वाढ थोडी आहे, पण दिशा चुकीची आहे. देश खाली येत असताना आपण वर जात असू, तर जुन्या पुण्याईवर विसंबून चालणार नाही.

काय करायला हवे, ते गुंतागुंतीचे नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि कर्नाटकाने २०२४ मध्ये केंद्रीय तंबाखू कायद्यात आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरना आळा घातला. तोच मार्ग गोव्याला मोकळा आहे. पर्वरीच्या विधानसभेत दुरुस्ती विधेयक यावे आणि त्यात मेन्थॉलसह प्रत्येक चव, फिल्टरमधली गोळी आणि पाकिटात सरकवायच्या सुगंधी पट्ट्या या सगळ्यांना बंदी असावी. एकही चव सुटली, तर अमेरिकेत झाले तेच इथे होईल. त्याच विधेयकात सुट्या सिगारेटच्या विक्रीवरही बंदी घालावी. महाराष्ट्राने ती २०२० मध्येच घातली आहे.

आपल्या साखळीचे आमदार डॉ. प्रमोद सावंत राज्याचे मुख्यमंत्री आहेत आणि पेशाने वैद्य आहेत. त्यांना या मतदारसंघातला एक मतदार म्हणून माझी जाहीर विनंती आहे, की हे विधेयक आपण मांडावे. पालकांना आणि शिक्षकांनाही विनंती आहे. आपल्या शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकणारा गाडा असेल, तर आजचा कायदाही त्याला परवानगी देत नाही. लेखी तक्रार करा आणि पोचपावती घ्या. ज्यांना सिगारेट सोडायची आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची मदतवाहिनी आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ आणि फोनला पैसे पडत नाहीत.