जुना बंब घ्यावा का?

एका कारखान्यात पडून असलेला जुना आगीचा बंब घेऊन नाताळच्या फेरीसाठी सजवावा, अशी सूचना मंडळीत आली आहे. आम्हां स्वयंसेवकांना ती पटत नाही. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर काढायची कशी? शिवाय फुगे लावलेला बंब म्हणजे थट्टाच.

पण तो घ्यावा, असे आमचे मत आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या भंगारात जाऊ लागल्या. असे बंब पुढे दिसायचे नाहीत. आवारात उभा करून तो चालू ठेवू या. निपाणीकडे तंबाखूच्या वखारी. सुक्या पानाला ठिणगी पुरते, आणि पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्याच हाती असतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाची आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणूनच तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या आणि गल्लीतल्या सर्वच धर्मांच्या मुलांना होज धरायला शिकवावे.

बंबाचा पंप बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो. तेव्हा रविवारच्या उपासनेनंतर फिटरला घेऊन जाऊ. टाकीत पाणी भरून, इंजिन सुरू करून पाहिल्याशिवाय पैशांचे बोलायचे नाही. इंजिन गेले असेल, तर त्याच पैशांत आग विझवायचे सिलिंडर घेऊ.