धोटा आणि समता

कायद्याने दिलेली समता आणि व्यवहारात लाभणारी समता यांत किती अंतर असू शकते, हे जाणून घेण्यासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

गिरणी म्हणजे जातिभेद वितळविणारी भट्टी, असे पुष्कळांना वाटत असे. या समजुतीत काही तथ्य होते. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, घाटावरचा माणूस एकाच भोंग्यावर उठे आणि एकाच दरवाजाने आत शिरे. परंतु भोंग्याला ठाऊक नसलेली जात गिरणीतील खात्यांना मात्र नेमकी ठाऊक होती. सूत काढणाऱ्या त्रासनखात्यात अस्पृश्य मानलेल्या समाजातील कामगारांना काम मिळे. कापड विणणाऱ्या साचेखात्याचे दार मात्र त्यांना बंद होते. आणि अधिक वेतन तर साचेखात्यातच मिळत असे.

या बंदीचे कारण ऐकले म्हणजे मन थक्क होते. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसविलेली असते. ती संपली की विणकर नवी कांडी बसवी, धोट्याच्या छिद्राला ओठ लावी आणि श्वासाने सुताचे टोक बाहेर ओढून घेई. एकच धोटा अनेकांच्या हातून जाई, म्हणजे अनेकांच्या ओठांनाही लागे. अस्पृश्याच्या ओठांचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे पडले. एवढ्याशा छिद्रातून एका समाजाची भाकरी अडविली गेली!

वास्तविक ही रीत कोणाच्याच हिताची नव्हती. सुताबरोबर कापसाची धूळ छातीत जाई आणि एकाचा रोग दुसऱ्याला जडण्याचे भय असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढण्याचे असे धोटे १९११ सालीच कायद्याने बंद केले होते. हाताने सूत ओवता येणारे धोटेही तेव्हा निघालेले होते. रीत बदलली असती तर आरोग्य राखले गेले असते आणि विटाळाची सबबही उरली नसती. परंतु ज्यांना दार बंदच ठेवावयाचे असते, त्यांना सबब नाहीशी झालेली नको असते, असे मला वाटते.

याच परळमधील चाळीत दीर्घकाळ राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालच्या मोठ्या गिरणीसंपात हा प्रश्न उपस्थित केला. सर्व खाती सर्वांना खुली करा, ही मागणीही कामगारांच्या मागण्यांत असली पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांचा रोख केवळ मालकांवर नव्हता. मालकाकडून न्याय मागणारा कामगार शेजारच्या कामगाराला तोच न्याय का नाकारतो, हा त्यांचा खरा प्रश्न होता. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर निर्बंध घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि अन्य कामगार नेते एकत्र येऊन एक दिवसाच्या संपात उतरले. एकजूट अशक्य नव्हती, हे त्या दिवशी दिसले.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पण तत्पूर्वी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, आंबेडकरांनी संविधानसभेत इशारा दिला होता : राजकारणात आपल्याला समता लाभेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता राहील, ही विसंगती आपण किती काळ चालू देणार?

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, तेव्हा आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. त्याच अमेरिकेत नव्वद वर्षांनी, १९६३ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांना वॉशिंग्टनमध्ये सांगावे लागले की, कृष्णवर्णीयांना राष्ट्राने दिलेला समतेचा धनादेश न वटता परत आला आहे.

आपला धनादेश पुरता वटला काय? गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. साचेखाते उरले नाही, तेव्हा त्याचा भेदही उरला नाही, असे कोणी म्हणेल. शिकलेली माणसे तर, आता जात राहिली आहे कोठे, असे सहज विचारतात. हे बोलणाऱ्याला बहुधा कधी भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगून घरमालकाचा चेहरा पाहावा लागलेला नसतो. शाळेत, कचेरीत पुष्कळ पालटले आहे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पहाटे शहराचा कचरा उचलणारे आणि गटारांत उतरणारे कामगार कोणत्या समाजांतून येतात, ते पाहावे. बहुसंख्य कामगार त्याच समाजांतील आहेत, ज्यांना धोट्याला ओठ लावण्याची मनाई होती. माणसाला संरक्षक साधनांवाचून गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मृत्यू घडत राहिले, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करावी लागली. गटार उपसणारी यंत्रे आज मिळतात. हाताने ओवण्याचे धोटेही त्या काळी मिळत होते.