हातब्रेक गेला, बटण आले



२०२४ च्या दिवाळीनंतर बेंगळुरूस ताईकडे उतरलो होतो. घरची मंडळी पंचवीस दिवस बेळगावास राहून आगगाडीने नुकतीच परतली होती. फाटकाबाहेरच्या उतारावर उभी असलेली त्यांची मोठी गाडी मात्र जागची हलेना. समोरच्या फलकावर वर्तुळातील 'पी' अक्षराचा तांबडा दिवा लुकलुकत होता आणि त्याच्या शेजारी पिवळा दिवा. भाऊजींच्या आईंना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी अकरा वाजता रुग्णालयात पोहोचवायचे होते. भाऊजींनी गिअर न्यूट्रलवर टाकून ब्रेकचे बटण पुन:पुन्हा दाबण्यास आरंभ केला, आणि सतरा वर्षांचा भाचा ढकलण्याच्या तयारीने गाडीच्या मागे, उताराच्या बाजूस, जाऊन उभा राहिला.

त्याला आधी तेथून बाजूस घेतले. मग चारही चाकांना उताराकडून दगड लावले. अडकलेला ब्रेक कोणत्या क्षणी सुटेल हे सांगता येत नाही, आणि दीड टनाची गाडी माणसाच्या हातांनी थोपत नाही.

'हातब्रेक' हा शब्द भाषांतर करताना मला अलीकडे अडखळवतो. त्यात हात उरलाच कोठे? पूर्वी दांडा ओढला की पोलादी तार ताणली जाई. आता मागच्या दोन्ही चाकांच्या कॅलिपरवर एकेक लहान विद्युत मोटर असते. दंतचक्रे तिचा वेग कमी करून जोर वाढवितात, आटे पाडलेला दांडा पिस्टनला पुढे रेटतो आणि पॅड चकतीला घट्ट धरतात. वीज गेली तरी आटे आपोआप उलटे फिरत नाहीत, म्हणून पकड कायम राहते. तथापि ती सोडविण्यासही वीजच लागते, आणि बॅटरी दुर्बळ झाली की घोटाळ्यास सुरुवात होते.

म्हणून पिवळा दिवा दिसताच संगणकाचा बिघाड समजून घाबरू नये. प्रथम साध्या गोष्टी पाहाव्या. इग्निशन चालू आहे ना? पायाचा ब्रेक पुरता दाबला आहे ना? त्यावाचून बटण बहुधा दाद देत नाही. 'ऑटो होल्ड'चा हिरवा दिवा निराळा. त्याचा बिघाडाशी संबंध नाही. त्यानंतर बॅटरीचा दाब मोजावा. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता साधारण १३.५ ते १४.५. ताईच्या गाडीत ११.४ भरले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जाड तारा जोडून इंजिन सुरू केले, पाच मिनिटे थांबलो, भाऊजींनी पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबले. मागून मोटरीची घरघर ऐकू आली आणि तांबडा दिवा विझला.

बॅटरी चांगली असूनही एकाच चाकाकडून आवाज येत असेल, किंवा मुळीच येत नसेल, तर मात्र मेकॅनिकला बोलवावे. दोष मोटरीत, तिच्या तारेत किंवा दंतचक्रांत असू शकतो. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने सुमारे ५३,००० गाड्या परत बोलाविल्या, त्यांत मॉडेल एक्स ही मोठी गाडीही होती. कारण होते ब्रेकमधील एक लहानसे दंतचक्र: ते तुटल्यास लावलेला ब्रेक सुटला नसता. पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे पॅड गंजामुळे चकतीस चिकटतात, तेही ध्यानात असावे. चाके जखडलेली गाडी दोराने फरपटत नेऊ देऊ नये. सपाट पाठीच्या गाडीवर चढवूनच न्यावी.

आणखी एक प्रमाद आपल्याकडे सर्रास होतो. मागचे पॅड बदलताना मेकॅनिक जुन्या सवयीने पिस्टन शिकंज्याने मागे रेटतो. या जातीच्या ब्रेकमध्ये आधी मोटर दुरुस्तीच्या स्थितीत मागे घ्यावी लागते. नाहीतर आटे आणि मोटर दोन्ही दुखावतात. पॅड बदलल्यानंतर लगेच दिवा लागला, तर गॅरेजवाल्यास हा प्रश्न नि:संकोच विचारावा.

त्या दिवशी आईंना टॅक्सीने पाठविले होते; शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली. बॅटरी पाच वर्षांची निघाली, ती बदलली. दगड भाच्याने परत बागेत नेऊन ठेवले, आणि दोन लाकडी ठोकळे कापून गाडीच्या डिकीत टाकले.